मुंबईत प्लेग आलाय हे सगळ्यात आधी ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस कोण होते?

साकीनाक्यात पावसाळा लागला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. रस्त्यावर पाणी तुंबतं आणि दर दोन घरांआड कुणीतरी तापाने पडतं. मग नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची आणि गप झोपायचं. मीही तेच केलं होतं. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा कळलं, डेंग्यू आहे. तोवर ताप घालवायच्या मागे सगळे होते, पण ताप कशाचा आहे हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

१८९६ साली अख्ख्या मुंबईचं असंच झालं होतं. तेव्हा तो प्रश्न विचारला एका गोवेकर डॉक्टरने. त्यांचं नाव डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

हडफड्याचा मुलगा मांडवीत

व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली बार्देश तालुक्यातल्या हडफडे गावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. शिक्षणासाठी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. दवाखाना टाकला तो मांडवीत.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला भाग. खाली धान्याची गोदामं, वर माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी. जिथे धान्य, तिथे उंदीर आलेच. जहाजांमुळे हा भाग जगाशी जोडलेला होता आणि दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ आली होती. तिथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता.

ताप साधा नव्हता

१८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवीत माणसं तापाने मरायला लागली. मुंबईला ताप काही नवीन नव्हता, त्यामुळे बहुतेकांनी हा नेहमीचाच समजला. व्हिएगस यांच्या नजरेला मात्र वेगळं काहीतरी दिसत होतं. खूप ताप, जांघेत किंवा काखेत गाठ आणि काही दिवसांत मृत्यू. नुसती गाठ दुसऱ्या आजारातही येते, पण या सगळ्या गोष्टी एकाच भागात, एकामागून एक पेशंटमध्ये दिसणं हा योगायोग नव्हता. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांचं निदान होतं.

व्हिएगस महापालिकेचे सदस्यही होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीसमोर हे सांगून टाकलं.

आता विचार करा, हे बोलणं किती महागात पडू शकत होतं. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार आणि कापसापासून धान्यापर्यंतचा व्यापार बसणार. त्यामुळे सुरुवातीला सरकारी बाजूने प्लेग हा शब्द टाळून गाठीचा ताप अशी भाषा वापरली गेली. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासणी केली. कॉलऱ्याच्या लशीवर काम केलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. व्हिएगस यांचं निदान बरोबर निघालं.

रोग कळला, पण तो पसरतो कसा?

गोष्टीचा खरा पेच इथे आहे. व्हिएगस यांनी रोग ओळखला, पण तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो हे तेव्हा कुणालाच नक्की माहीत नव्हतं. ते शोधण्याआधीच प्रशासनाने उपाय सुरू केले. घाण म्हणजे रोग, असा समज. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अ‍ॅसिड ओतलं गेलं. घरांना चुना लावला, छपरांची कौलं काढली, सामान जाळलं, पेशंटना घरातून उचलून हॉस्पिटलात नेलं.

लोक भडकले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या सुरुवातीला त्यातले जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले आणि त्यांच्यासोबत प्लेगही बाहेर पडला.

खरा वाहक होता उंदरांच्या अंगावरची पिसू. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून हे दाखवलं, पण तेव्हा त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९०५ नंतर परळमध्ये झालेल्या संशोधनाने ते पक्कं झालं. म्हणजे गटारं धुण्यावर एवढी ताकद लावली तेव्हा पिसूकडे कुणाचं लक्षच नव्हतं. उलट गटारात औषध ओतल्याने उंदीर शेजारच्या घरांत पळाले असावेत, असं पुढच्या अभ्यासकांनी मांडलंय.

पुढे काय झालं?

हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही लस लोकांपर्यंत नेण्यात व्हिएगस पुढे होते. सुमारे १८ हजार लोकांना लस टोचल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. ज्या काळात लोक डॉक्टर दिसला की दार लावून घेत होते, त्या काळातला हा आकडा आहे.

१९०६ मध्ये व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ख्रिश्चन. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्या बाजूने जातात, पण हे कोण म्हणून विचारलं तर सांगणारे थोडेच सापडतील.

व्हिएगस यांच्याकडे प्लेगवर औषध नव्हतं. त्यांनी केलं ते एवढंच, की नेहमीचा ताप म्हणून सोडून न देता पेशंटकडे नीट पाहिलं आणि जे दिसलं ते न घाबरता सांगितलं. लस, हॉस्पिटलं, संशोधन हे सगळं त्यानंतर सुरू झालं.

आजही मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो तिन्ही सुरुवातीला साध्या तापासारखेच वाटतात. यातला लेप्टो तर उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातूनच येतो आणि त्यावर उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं. त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात आणि ताप भरला, तर गोळ्यांच्या पट्टीआधी डॉक्टर गाठा, पाण्यातून चाललो होतो हे त्यांना सांगा आणि ताप कशाचा आहे ते विचारा.