बार्शी लाईटपासून फियाटपर्यंत : शेठ वालचंद हिराचंद

लातूरच्या जुन्या माणसांना बार्शी लाईटची छोटी गाडी अजून आठवते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती कुर्डुवाडीकडे धापा टाकीत जायची. १९११ साली ती लातूरला पोचली आणि त्यानंतर इथली आडत वाढत गेली, हे आपण सारे ऐकून आहोत. परंतु याच मार्गाच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम एका पंचविशीही न गाठलेल्या कंत्राटदाराने केले होते, आणि पुढे त्याच माणसाने आगबोटी, विमाने व मोटारी यांच्या कारखान्यांना हात घातला, हे आमच्या वर्गातल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. मलाही नव्हते. मी त्यांचे चरित्र शोधू लागलो तो एका जुन्या फियाट गाडीच्या कुतूहलातून. आडवाटेने का होईना, थोर माणसापर्यंत पोचलो, एवढेच समाधान.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन. सूत-कापूस आणि सावकारीचा व्यवसाय. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे येथे झाले, पण पदवी हाती न घेताच ते घरच्या व्यापारात आले. त्यात त्यांचे मन रमेना. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी त्यांची गाठ पडली. फाटकांपाशी कामाची माहिती, वालचंदांपाशी भांडवल व हिंमत. या जोडीने त्या वेळच्या निजामी मुलखात रूळ टाकले. पुढे बोरघाटातले बोगदे, तानसाची जलवाहिनी अशी मोठमोठी कामे आली आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

मधल्या काळात सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचा प्रसंग घडला. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही हिंदी मालकीची बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, तो दिवस आजही राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर कारखाने तर मराठी वाचकाला सांगायलाच नकोत. या साऱ्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवेत. मला मात्र लवकर मोटारीकडे वळायचे आहे.

देशात मोटार तयार व्हावी ही कल्पना वालचंदशेठ आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकात उचलून धरली. विश्वेश्वरय्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून योजना आखली. मुंबईच्या काँग्रेस सरकारनेही अनुकूलता दाखवली. दिल्लीच्या सरकारला मात्र त्यात रस नव्हता. १९३९ साली वालचंदशेठ स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. परतीच्या प्रवासात विमानात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकन विमानव्यावसायिक भेटला, आणि त्या गाठीतून म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला! तो कारखाना १९४२ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला. पुढच्याच वर्षी नव्हे, आधीच, म्हणजे २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली होती. आज विचार केला तर छाती दडपते. एक माणूस, पन्नाशी उलटलेला, परकी सत्ता डोक्यावर, आणि तिन्ही वाहने एकाच वेळी.

मोटारीला मात्र थांबावे लागले. युद्धकाळात सरकारने तिला आवश्यक उद्योग मानले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, इथे जोडले जायचे. त्यांच्यावर परक्याचे भाग जोडणारा म्हणून टीका झाली. ती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी कोणाला पूर्ण गाडी ओतता आली असती, हेही टीकाकारांनी सांगितले नाही.

अमेरिकन गाडी लांबरुंद, सहा सिलिंडरची, पेट्रोल पिणारी. आपले रस्ते आणि आपला खिसा तिला पुरणारा नव्हता. म्हणून पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला, आणि १९५४ पासून १०८९ घनसेंटीमीटर इंजिनाची फियाट अकराशे भारतात आली. मुंबईकरांनी तिच्या गोलमटोल अंगावरून तिला 'डुक्कर फियाट' म्हटले.

आता माझ्या कुतूहलाकडे येतो. ही गाडी इटालियन खरी, पण तिच्या अंगावर अमेरिका किती होती! फियाटचे संस्थापक आन्येली यांनी फोर्डचे कारखाने पाहून ट्यूरिनला लिंगोत्तोचा प्रचंड कारखाना बांधला होता. महायुद्धानंतर मार्शल योजनेच्या मदतीतला मोठा वाटा फियाटला मिळाला. १९५० च्या त्यांच्या चौदाशे मॉडेलात मडगार्ड वेगळे उरले नाहीत, सारे अंग सलग व फुगीर झाले. ही रीत अमेरिकेची. तिकडे कॅडिलॅकला १९४८ मध्ये लढाऊ विमानावरून सुचलेले शेपटीचे पर फुटले, आणि दहा-बारा वर्षांत युरोपातल्या मर्सिडीज, प्यूजो, ऑस्टिनपर्यंत सगळ्यांना ते फुटले. अमेरिकेचा सिनेमा आणि अमेरिकेची मोटार या दोहोंचे युरोपाला एकाच वेळी वेड लागले होते. फियाटने १९५७ च्या बाराशे मॉडेलला हे पर लहान करून लावले. १९६२ च्या अकराशे डी मॉडेलने तेच अंग घेतले, आणि तीच गाडी कुर्ल्यात आधी डिलाईट, मग १९७२ पासून प्रेसिडेंट व १९७४ पासून पद्मिनी झाली.

आमच्या लहानपणी गंजगोलाईत एका डॉक्टरांची पद्मिनी उभी असे. मागच्या दिव्यांवरचे ते दोन टोकदार कोपरे, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गियर, पुढची सलग बैठक, हे सारे आम्हाला इटालियन वाटण्याचा प्रश्नच नव्हता. ते आपलेच वाटे. दांड्यावरचा गियर आणि सलग बैठक ही अमेरिकन घरची सवय. डेट्रॉईटहून ट्यूरिन, ट्यूरिनहून कुर्ला, कुर्ल्याहून लातूर. वालचंदशेठ ज्या अमेरिकेला थेट गेले होते, ती अशी वळसा घेऊन त्यांच्या कारखान्यात पुन्हा आली.

ते पाहायला ते स्वतः नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले, भारतातली फियाट अकराशे निघण्याच्या एक वर्ष आधी. कारखाना बंधू लालचंद यांनी पुढे नेला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आणि सोलापूरच्या कला-शास्त्र महाविद्यालयाला वालचंदांचे नाव आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तिथे शिकायला जातात.

पद्मिनीचे उत्पादन विसावे शतक संपता संपता थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. बार्शी लाईटचे छोटे रूळ त्याआधीच उखडून तिथे ब्रॉडगेज आले. आणि वालचंदशेठांच्या कंपनीने ज्या दोघांशी वेगवेगळे करार केले, ती फियाट आणि ती क्रायस्लर २०१४ साली एकच कंपनी झाली.