नाडीवर बोट ठेवणारा फॅमिली डॉक्टर
जेम्स मॅकेन्झी हे नाव तुम्ही ऐकलंय? स्कॉटलंडचा हा मुलगा आधी औषधाच्या दुकानात उमेदवारी करायचा. पुढे डॉक्टर झाल्यावर १८७९ पासून त्यांनी इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावात प्रॅक्टिस केली. तिथं हृदयविकार असलेली एक बाई बाळंतपणात त्यांच्यासमोर दगावली. धोका आधी ओळखता आला नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मग पेशंटच्या नाडीच्या नोंदी सुरू झाल्या, त्यासाठी पॉलिग्राफ नावाचं यंत्रही त्यांनी घडवलं. हॉस्पिटलच्या बड्या डॉक्टरांना पेशंट चार दिवस दिसायचा, यांना वर्षानुवर्षं! म्हणून तर कळलं, की ठोका चुकतो म्हणून अंथरुणावर झोपवून ठेवलेली कितीतरी माणसं चांगली धडधाकट असतात. लंडनमध्ये हृदयतज्ज्ञ म्हणून नाव झालं, तरी १९१९ मध्ये सेंट अँड्र्यूजला त्यांनी संस्था काढली ती फॅमिली डॉक्टरांसोबत आजाराची पहिली लक्षणं शोधायला.