मुलाखतकाराची जबाबदारी

राजकारणी पुरुषांस भेटून त्यांचे विचार वर्तमानपत्रांत छापण्याची चाल आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यांत जोखीम कोणती हा प्रश्न वाचकांच्या मनांत क्वचितच उद्भवतो. तो उद्भवावा म्हणून विल्यम टॉमस स्टेड या इंग्रज संपादकाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

स्टेड यांचा जन्म १८४९ सालीं नॉर्थंबरलंड परगण्यांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १८७१ त, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, डार्लिंग्टनच्या ‘नॉर्दर्न एको’ पत्राचें संपादकत्व त्यांजकडे आलें. १८८३ त ते लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक झाले. मुलाखतीचा प्रघात अमेरिकेंतला म्हणून इंग्लंडांतील प्रतिष्ठित पत्रें त्यास हलका समजत. तो तेथें रूढ करण्याचें बरेंचसें श्रेय स्टेड यांचें. बोलणें चालू असतां ते टिपण करीत नसत. मागाहून स्मरणानें मजकूर उतरवीत व छापण्यापूर्वीं तो ज्याचा त्यास तपासावयास देत. दुसऱ्याच्या नांवें रक्कम मांडण्यापूर्वीं ती त्यास दाखविणें हा जसा सचोटीच्या पेढीचा रिवाज, तसाच हा. मात्र चूक दुरुस्त करूं देणें निराळें आणि खरें बोललेलें अडचणीचें वाटतें म्हणून खोडूं देणें निराळें. पहिल्यानें सत्य राखलें जातें. दुसऱ्यानें पत्र पुढाऱ्याचें मुनीम बनतें.

८ जानेवारी १८८४ रोजीं स्टेड यांनीं साउदॅम्प्टन येथें जनरल गॉर्डन यांची भेट घेतली. सुदान सोडून देण्याचें ग्लॅडस्टन सरकारचें धोरण गॉर्डन यांस मान्य नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मुलाखत प्रसिद्ध झाली, व गॉर्डन यांसच सुदानांत धाडावें अशी मागणी स्टेड यांनीं केली. इतर पत्रांनीं ती उचलली. मंत्रिमंडळांतहि अनुकूल माणसें होतींच. १८ जानेवारीस गॉर्डन निघाले. २६ जानेवारी १८८५ रोजीं खार्टुम पडून ते मारले गेले. मदतीची तुकडी दोन दिवसांनीं पोंचली.

येथें आमचा आक्षेप मुलाखतीवर नाहीं. साक्ष घेणारानेंच त्याच दिवशीं न्यायाधीशाचें आसन घेतलें, त्यावर आहे. गॉर्डन जें बोलले तें लोकांस कळणें इष्टच होतें. पण धोरण मान्य नसलेल्या माणसाच्याच हातीं तें धोरण देण्यांत धोका काय, हा प्रश्न स्टेड यांनीं विचारावयास हवा होता.

त्याच वर्षीं अल्पवयी मुलींच्या विक्रयावर त्यांनीं लेखमाला लिहिली. संमतिवय तेरावरून सोळा झालें, हा उपकार थोर खरा. परंतु पुराव्यासाठीं एक मुलगी पित्याच्या संमतीवांचून नेल्याबद्दल त्यांस तीन महिने तुरुंगवास घडला. हेतु शुद्ध असला म्हणजे साधनाची झडती नको, असें मानण्याचा मोह सुधारकासच अधिक होतो.

तरी त्यांच्या धैर्यास आम्ही वंदन करतों. १८९९ त बोअर युद्ध सुरू झालें तेव्हां लोकक्षोभ पत्करून त्यांनीं त्यास विरोध केला. १५ एप्रिल १९१२ रोजीं, न्यूयॉर्कच्या शांतता-सभेस जात असतां, टायटॅनिक जहाजाबरोबर ते बुडाले.

वाचकहो, हुंडीवर ज्याची सही त्याचें देणें. मुलाखतींत शब्द पुढाऱ्याचे असतात, पण प्रश्न संपादकाचा. आणि न विचारलेल्या प्रश्नाचें देणें संपादकाच्याच नांवें पडतें.