जहाजाच्या खिळ्याला गंज का चढतो? मुंबईच्या जमशेटजी वाडियांची गोष्ट

घराच्या दाराचा खिळा गंजला तर दार लोंबकळते. भर समुद्रात जहाजाचा खिळा गंजला तर शेकडो जीव धोक्यात येतात. २०० वर्षांपूर्वी हा धोका कमी असलेली जहाजे मुंबईत बांधणारे कारागीर म्हणजे जमशेटजी बमनजी वाडिया.

कोण होते जमशेटजी?
१७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आलेले लवजी नसरवानजी वाडिया हे त्यांचे आजोबा. जमशेटजी घरच्या धंद्यातच घडले. १७९२ मध्ये चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी यांच्यासोबत ते मुंबई गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार झाले. १८१० मध्ये त्यांनी ब्रिटिश नौदलासाठी ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही युद्धनौका बांधली. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात उतरली.

सागवानच का?
इंग्लंडमधली जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओकमध्ये आम्ल असते. लाकूड ओले झाले की ते आम्ल लोखंडी खिळा खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही कुजते. सागवान तेलकट असते. त्यात पाणी सहज मुरत नाही आणि लोखंडही जास्त काळ टिकते. जमशेटजींच्या जहाजांचे बळ पश्चिम किनाऱ्यावरच्या या सागवानात होते.

तांब्याचा पेच
लाकूड पोखरणारे समुद्री किडे रोखण्यासाठी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. पण खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकत्र आले की बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजते. १७८० च्या दशकात नौदलाने हा धडा घेतला आणि पाण्याखाली तांबेमिश्रित धातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली.

जमशेटजी १८२१ मध्ये वारले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी याच बॅटरीचा उलटा उपयोग सांगितला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडायचा. तुकडा झिजतो, तांबे वाचते. पण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ वाढले, जहाजे मंदावली आणि नौदलाने तो उपाय सोडला. आज मात्र जमिनीखालच्या पाइपलाइन याच तत्त्वावर वाचवतात.

आपल्या कामाचे काय?
गडमुडशिंगीच्या शिवारातल्या मोटरलाही हाच नियम लागू आहे. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंड वाचवतो. त्याला पितळी व्हॉल्व्ह थेट जोडला तर सांध्याजवळचा पाइप आधी गंजतो. मध्ये प्लास्टिकचा जोड टाकावा. पाइप कापला किंवा आटे पाडले तर उघड्या पडलेल्या जागेवर जस्ताचा रंग लावावा.

जमशेटजींनी १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे डागडुजीनंतर आजही पाण्यावर उभी आहे.