नाताळच्या आदल्या दिवशी जन्मलेले गुरुजी



आगमनकाळ संपत आला की घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. कुणी गवत आणते, कुणी चांदणी टांगते. मुलांना नवे कपडे हवे असतात, केक हवा असतो. त्यात वावगे काही नाही. पण गोठ्यात जन्मलेल्या बाळाकडून आपली मुले काय शिकतात, हा प्रश्न आपण आईवडिलांनी व शिक्षकांनी स्वतःला विचारला पाहिजे. कृतज्ञता आणि करुणा हे शब्द फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. ते कसे शिकवावेत हे दाखवणारे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. ते ख्रिस्ती नव्हते. पण त्यांचा जन्म २४ डिसेंबरचा, नाताळच्या आदल्या दिवसाचा. ते म्हणजे साने गुरुजी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ साली कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे एके काळी सुखवस्तू होते, पण पुढे गरिबी आली. काही काळ ते दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिकले. त्यांची खरी शाळा मात्र घरी होती आणि आई यशोदाबाई तिथल्या शिक्षिका होत्या. डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक म्हातारी रस्त्यात अडली होती. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची असल्यामुळे कुणी हात लावेना. आईने मुलाला सांगितले, जा, तिची मोळी उचलून दे. त्या काळी एका ब्राह्मण घरात हे सांगायला धैर्य लागत होते.

१९१७ साली आई वारली. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिची शेवटची भेटही झाली नाही. हे दुःख गुरुजींनी जन्मभर जपले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. एका मुलाने आईचे मानलेले आभार म्हणजे ते पुस्तक.

त्याआधी, १९२४ पासून सुमारे सहा वर्षे, ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथले वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडून काढीत, अंथरुणे नीट ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. परत आलेली मुले खजील होत आणि हळूहळू आपली कामे स्वतः करू लागत. आजाऱ्याच्या उशाशी ते आईसारखे बसत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी ऐकतो. या शिक्षकाने ते आपल्या वसतिगृहात रोजच्या रोज केले.

त्यांची करुणा वर्गापुरती राहिली नाही. आपल्या भागातून हजारो वारकरी ज्या पंढरपूरला जातात, तेथील विठ्ठलमंदिर दलितांना बंद होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले. अखेर ते मंदिर सर्वांसाठी खुले झाले.

शेवटची गोष्ट सांगायला जड जाते, पण टाळू नये. गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजी फार खिन्न असत. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. अशा व्यक्तींना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपणही करू या. इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही कुणीतरी विचारपूस करणारे लागते, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या शिक्षकांना, धर्मगुरूंना, सिस्टरांना, घरातल्या आईला, तुम्ही कसे आहात, असे आपण कधी विचारतो का?

कृतज्ञ असण्याची कारणे आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आपले नावही ठाऊक नसलेले लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून मदतीला आले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानलेले असताना मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आजच्या शाळकरी मुलांनी यातले फारसे काही पाहिलेले नाही. या नाताळात त्यांना ते सांगा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण आभार मानायला एकच परत आला, हेही सांगा.

आणि मग त्यांचा हात धरून चला. आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहिलेले एखादे मूल तुमच्या गल्लीत, तुमच्या मुलाच्या वर्गात असेल. त्याला नाताळच्या दिवशी घरी जेवायला बोलवा. उरलेसुरले देऊ नका. पहिले ताट त्याचे वाढा, आणि ते आपल्या मुलाच्या हातून वाढा. गुरुजींनी असेच शिकवले असते. गोठ्यातला बाळ येशूही तेच शिकवतो.

आपणा सर्वांना नाताळ सणाच्या शुभेच्छा!