चेर्स्की आणि थंडीचा पर्वत

आशियाच्या नकाशावर लेना नदीच्या पूर्वेस पाहिलें असतां ईशान्य सायबेरियांत चेर्स्की नांवाची एक लांबलचक पर्वतश्रेणी आढळते. पोबेदा, म्हणजे विजय, हें तिचें सर्वांत उंच शिखर ३,००० मीटरांहून थोडेंसेंच अधिक आहे. हिमालयापुढें ही उंची कांहींच नव्हे. परंतु ज्यांचें नांव या श्रेणीस मिळालें, त्यांनीं ती कोणत्या स्थितींत ओलांडली हें आमच्या विद्यार्थ्यांनीं जाणण्यासारखें आहे.

इव्हान चेर्स्की यांचा जन्म १८४५ सालीं, आज बेलारूसमध्यें मोडणाऱ्या वितेब्स्क प्रांतांतील एका पोलिश घराण्यांत झाला. १८६३ सालीं रशियन सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडांत ते शिक्षण टाकून सामील झाले, पकडले गेले आणि साधा शिपाई म्हणून सायबेरियांतील ओम्स्क येथें धाडले गेले. विद्यापीठाचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. हातीं लागतील तीं पुस्तकें वाचून त्यांनीं भूशास्त्राची व प्राण्यांच्या हाडांची विद्या मिळविली. १८७१ पासून ते इर्कुत्स्क येथें भूगोल मंडळाच्या कामांत शिरले. पुढें चार उन्हाळे बैकल सरोवराचा किनारा हिंडून त्यांनीं त्याचा भूशास्त्रीय नकाशा केला, आणि पाण्याची पातळी पुढील लोकांस ताडून पाहतां यावी म्हणून कड्यांवर खुणा कोरल्या. घरमालकिणीची कन्या माव्हरा हिच्याशीं त्यांनीं विवाह केला व तिला स्वतः शिकवून आपल्या कामांत जोडीदार केलें.

१८९१ सालीं विज्ञान अकादमीनें त्यांना कोलिमा, इंदिगिर्का व याना या नद्यांच्या मुलुखांत पाठविलें. छातीचा रोग तेव्हांच बळावला होता. तरीही पत्नी व बारा वर्षांचा मुलगा यांच्यासह ते याकुत्स्कहून घोड्यांवर निघाले, दलदली व डोंगरांच्या ओळी ओलांडीत ऑगस्टअखेर वेर्ख्नेकोलिम्स्कला पोहोंचले आणि हिवाळ्यासाठीं तेथेंच राहिले.

तेथील हिवाळा निराळाच. पर्वतांच्या भिंतींमुळें समुद्राची उबदार, दमट हवा आंत येत नाहीं. आकाश निरभ्र व वारा स्तब्ध असल्यानें जमिनीची उष्णता वर निघून जाते, आणि थंड, जड हवा उतारांवरून घसरत दऱ्यांत सांचते. डोंगर चढावा तसा गारवा वाढतो हा आपला अनुभव. येथें दरीच्या तळापेक्षां वरचा उतारच कमी थंड. त्याच हिवाळ्यांत, फेब्रुवारी १८९२ मध्यें, याना नदीवरील वेर्खोयान्स्क येथें पारा शून्याखालीं ६७.८ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला. नवल असें कीं, जून २०२० मध्यें त्याच गांवीं ३८ अंश उष्मा मोजला गेला !

असा हिवाळा दुखऱ्या छातीनें काढतांना चेर्स्की यांना आपला शेवट दिसूं लागला. आपण वाटेंत मेलों तरी मोहीम थांबूं नये, ती माव्हरेनें निझ्नेकोलिम्स्कपर्यंत न्यावी, असें त्यांनीं लिहून ठेविलें. उन्हाळा लागतांच सर्वजण नावेनें कोलिमा नदी उतरूं लागले. पुढें त्यांना लेखणीही धरवेना. टिपणें माव्हरा करी. १८९२ च्या त्याच उन्हाळ्यांत नावेवरच त्यांचा प्राण गेला. नदीकांठीं त्यांना पुरून माव्हरेनें ठरलेलें काम ठरलेल्या ठिकाणापर्यंत पार पाडलें, आणि जमविलेले नमुने राखले. आमच्या मतें या चरित्रांत तिचें नांव पतीच्या बरोबरीनें लिहिलें पाहिजे.

१९२६ सालीं भूशास्त्रज्ञ सेर्गेई ओब्रुचेव्ह इंदिगिर्केच्या खोऱ्यांत गेले, तेव्हां नकाशांत जेथें सखल प्रदेश दाखविला होता तेथें त्यांना उंच डोंगरांच्या रांगा लागल्या. त्या श्रेणीस चेर्स्की यांचें नांव देण्यांत आलें.