एमआरआयमध्ये शिरलेला पहिला जिवंत प्राणी होता एक शिंपला! त्याला आत ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट

रत्नागिरीत भाट्याच्या किंवा काळबादेवीच्या खाडीला ओहोटी लागली की बायका चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे वेचतात. रात्री त्यांचं सुकं होतं आणि विषय संपतो.

1970च्या दशकात अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर एका मुलीनेही असाच एक शिंपला उचलला होता. तिसऱ्यांच्याच जातकुळीतला, पण जेमतेम 4 मिलिमीटरचा. तिच्या वडिलांनी तो थेट मशीनमध्ये ठेवला. आज डॉक्टर ज्याला एमआरआय म्हणतात, त्या तंत्राने आतून पाहिलेला हा पहिला जिवंत प्राणी.

या वडिलांचं नाव पॉल लाउटरबर. जन्म 6 मे 1929, ओहायो राज्यातल्या सिडनी या गावी. शिक्षणाने ते केमिस्ट. त्यांचं आवडतं यंत्र एनएमआर. मोठ्या चुंबकात द्रव ठेवायचा, रेडिओ लहरी सोडायच्या आणि अणूंकडून परत येणारे सिग्नल ऐकायचे. 1951 साली स्टॅनफर्डमधून अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे वेगवेगळे सिग्नल दाखवणारा गाजलेला पेपर आला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये पुढे एनएमआरचं काम उभं केलं, ते यांनीच.

पण हे सगळं परीक्षानळीपुरतं होतं. 1971 मध्ये रेमंड डमाडियन यांनी दाखवलं की उंदरांच्या कॅन्सरच्या गाठीचा सिग्नल निरोगी पेशींपेक्षा वेगळा येतो. त्याच वर्षी लाउटरबर यांच्यासमोर तसाच प्रयोग पुन्हा करण्यात आला. त्यासाठी उंदीर मारायचा, तुकडा कापायचा आणि मग मोजायचं. लाउटरबर यांना हे खटकलं. माणसाच्या बाबतीत असं कसं चालणार? न कापता, सिग्नल शरीरात नेमका कुठून येतोय हे कळेल का?

उत्तर सापडलं हॅम्बर्गर खाताना. तोवर सगळ्यांची धडपड चुंबकाची ताकद सगळीकडे अगदी सारखी ठेवण्याची असायची. लाउटरबर म्हणाले, ती मुद्दाम एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त करूया. मग प्रत्येक जागेचं पाणी वेगळ्या सुरात बोलेल. भजनाच्या पेटीवर डोळे मिटूनही सुरावरून कळतं ना बोट कुठल्या पट्टीवर आहे, तसंच. वेगवेगळ्या दिशांनी हे मोजलं की चित्र जुळवता येतं.

यंत्र होतं स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागाचं. दिवसा इतरांचं काम असायचं. मग हे रात्री प्रयोग करायचे आणि सकाळच्या आत सगळी सेटिंग्ज जागेवर. पहिलं चित्र साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. 'नेचर'ने पेपर आधी नाकारला. लाउटरबर अडून बसले, तेव्हा तो 16 मार्च 1973 रोजी छापून आला. विद्यापीठाने तर पेटंटही घेतलं नाही, खर्च वसूल होणार नाही म्हणून! (या निर्णयावर पुढे कुणी किती कपाळ बडवलं असेल, कल्पना करा.)

तंत्राला त्यांनी नाव दिलं झ्युगमॅटोग्राफी. ग्रीक शब्द, आपल्या बैलांच्या मानेवरच्या 'जू'चाच नातेवाईक. नाव काही टिकलं नाही.

1974 मध्ये त्यांनी जिवंत उंदराच्या छातीचा आडवा छेद छापला, सुरी न लावता. मग हृदयाकडे वळले. रक्तपुरवठा तुटलेला हृदयाचा भाग मँगेनीज देऊन वेगळा ओळखता येतो का, हे त्यांच्या गटाने 1978 मध्ये कुत्र्यांवर तपासलं.

2003 मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. आपलं नाव वगळलं म्हणून डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. गाठीचा सिग्नल वेगळा असतो हे आधी त्यांनीच दाखवलं होतं, त्यामुळे राग समजण्यासारखा होता. पण चित्र काढण्याची युक्ती लाउटरबर यांचीच. 27 मार्च 2007 रोजी त्यांचं निधन झालं.

उंदराच्या हृदयाचा एमआरआय आज अनेक प्रयोगशाळांमध्ये होतो, पण तो सोपा नाही. आपलं हृदय मिनिटाला 70-80 वेळा धडधडतं, उंदराचं 500 ते 600. आकार वाटाण्याच्या आसपास. म्हणून माणसांसाठी 1.5 किंवा 3 टेस्लाचा चुंबक पुरतो, उंदरांसाठी 7 किंवा 9.4 टेस्लाचे वापरतात. उंदराला भूल देतात, अंग गरम ठेवतात, आणि ईसीजी व श्वास बघून ठोक्याच्या नेमक्या क्षणी सिग्नल टिपतात. असे अनेक ठोके जोडून एका ठोक्याचा सिनेमा तयार होतो.

स्कॅन संपला की उंदीर शुद्धीवर येतो आणि पिंजऱ्यात परत जातो. काही आठवड्यांनी औषधाचा परिणाम बघायला त्याच उंदराचा पुन्हा नंबर लागतो.